अंगठ्याचा शोध, सहीचा इतिहास

'तुम्हाला हे माहीत आहे का?' अशा मथळ्याचे संदेश रोज मोबाईलवर येऊन पडतात. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. मध वर्षानुवर्षे खराब होत नाही. जगातली व्हॅनिला एका १२ वर्षांच्या गुलाम मुलाच्या शोधावर पिकते. तिन्ही ओळी एकाखाली एक. वाचणारा 'अरे वा!' म्हणतो, चार गटांत पुढे ढकलतो आणि विसरतो.

आम्हाला या यादीतल्या तिसऱ्या ओळीवर थांबायचे आहे. ऑक्टोपसच्या हृदयांचे आश्चर्य वाटणे समजू शकते. तो समुद्रात राहतो, त्याचा आपला रोजचा संबंध नाही. पण बागेत राबणाऱ्या मुलाने फुलाचे कोडे सोडवले, याचे आश्चर्य का वाटावे? बाग कुणाला कळणार? जो दिवसभर बागेत असतो त्यालाच ना? मग आपले डोळे विस्फारतात ते कशामुळे?

आमचे म्हणणे असे की अशा तथ्यांतले आश्चर्य घटनेत नसते, आपल्या डोक्यात बसवलेल्या समजुतीत असते. ज्ञान वरून खाली येते, वरचे शिकवतात आणि खालचे शिकतात, ही ती समजूत. तिला धक्का देणारी गोष्ट समोर आली की आपण ती 'गंमत' म्हणून बाजूला ठेवतो. समजूत मात्र जागची हलत नाही. म्हणून इतिहास, विज्ञान आणि लोकप्रिय संगीत या तीन क्षेत्रांतल्या तीन 'गमती' जरा सविस्तर पाहू.

फूल एका सकाळचे

व्हॅनिला ही ऑर्किड कुळातली वेल. मूळ मेक्सिकोची. तिथले तोतोनाक लोक ती शेकडो वर्षांपासून वापरत आले. युरोपियनांनी ती नेली, चॉकलेटात घातली आणि तिची चटक लागली. मग वसाहतींत तिची लागवड करून पैसा कमवायचा बेत झाला. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियन नावाचे बेट आहे. तेव्हा ते बूरबाँ म्हणून ओळखले जाई आणि फ्रेंचांच्या ताब्यात होते. १८२० च्या सुमारास तिथे व्हॅनिलाच्या वेली आणून लावल्या गेल्या. वेली वाढल्या, फुलेही आली. शेंग मात्र धरेना.

कारण फुलाच्या रचनेत होते. व्हॅनिलाच्या फुलात नर भाग आणि मादी भाग अगदी जवळजवळ असतात, पण त्यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. मेक्सिकोतल्या विशिष्ट मधमाश्या तो अडथळा पार करून परागीकरण करतात. त्या माश्या बूरबाँ बेटावर नव्हत्या. शिवाय फूल उमलते ते एकाच सकाळपुरते. तेवढ्यात परागीकरण झाले नाही तर ते गळून पडते. १८३६ मध्ये बेल्जियमच्या शार्ल मोरेन या शास्त्रज्ञाने काचघरात हाताने परागीकरण करून शेंगा मिळवल्या होत्या. पण ती पद्धत किचकट होती, हजारो फुलांच्या मळ्यात ती चालणारी नव्हती.

याच बेटावर सेंट सुझान इथे १८२९ साली एडमंडचा जन्म झाला. आई गुलाम होती, ती बाळंतपणातच गेली. गुलामाला आडनाव नसे, म्हणून तो नुसताच एडमंड. फेरेओल बेलिए-बोमाँ या मळेवाल्याकडे तो वाढला. मालकाला झाडाझुडपांचा नाद होता आणि एडमंड त्याच्या मागोमाग बागेत फिरत असे. मालकाने त्याला भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीचे नर फूल मादी फुलावर कसे टेकवायचे ते दाखवले होते. शाळा कसली, अक्षरओळखही त्याला दिली गेली नव्हती.

१८४१ मध्ये एका सकाळी मालक बागेत फिरत असताना त्याला वर्षानुवर्षे वांझ राहिलेल्या व्हॅनिलाच्या वेलीवर शेंगा दिसल्या. एडमंड म्हणाला, हे मी केले. मालकाचा विश्वास बसला नाही. काही दिवसांनी आणखी शेंग दिसली, तेव्हा त्याने करून दाखवायला सांगितले. एडमंडने बांबूची बारीक काडी घेतली, फूल उघडून मधला पडदा हलकेच वर उचलला आणि अंगठ्याने नर भाग मादी भागावर दाबला. झाले! काही सेकंदांचे काम.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. भोपळ्याच्या वेलीत नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, व्हॅनिलात दोन्ही भाग एकाच फुलात असतात. शिकवलेली कृती जशीच्या तशी इथे चालणार नव्हती. एका झाडावरचे तत्त्व ओळखून ते वेगळ्या रचनेच्या दुसऱ्या झाडाला लावणे, अडथळा कुठे आहे ते शोधणे, त्यावर उपाय काढणे आणि तो पुन्हा पुन्हा करून दाखवणे, याला विज्ञान म्हणतात. याला 'पोराच्या हातून सहज घडले' म्हणणे म्हणजे मुलाची बुद्धी नाकारण्याचा सभ्य मार्ग.

त्यानंतर एडमंडला बेटावरच्या मळ्यामळ्यांतून फिरवले गेले. त्याने इतर गुलामांना ही कृती शिकवली. १८४८ मध्ये बेटावरून फ्रान्सला जेमतेम ५० किलो व्हॅनिला गेली होती. शतक संपता संपता हा आकडा सुमारे २०० टनांवर गेला आणि बेटाने मेक्सिकोला मागे टाकले. आज व्हॅनिलात पहिला क्रमांक मादागास्करचा आहे. तिथे काय किंवा आपल्या केरळ-कर्नाटकात काय, मळ्यांत पहाटेपासून बायामाणसे काडी आणि अंगठा घेऊन फुलाफुलाशी हेच करतात. जवळजवळ १८५ वर्षे झाली, याहून चांगली पद्धत कुणाला सापडलेली नाही.

शोधकाची किंमत

२० डिसेंबर १८४८ रोजी बेटावर गुलामी संपली. ६०,००० हून अधिक माणसे मुक्त झाली. फ्रेंच सरकारने नुकसानभरपाई दिली, पण ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांच्या हातात काही नाही आणि ज्यांनी लुटले त्यांना 'मालमत्ता गेली' म्हणून पैसे. मुक्त झालेल्यांना नोंदवहीत आडनावे दिली गेली. एडमंडला मिळाले 'आल्बियस'. लॅटिनमध्ये 'आल्बा' म्हणजे पांढरी. काळ्या मुलाला हे आडनाव!

एडमंड राजधानी सेंट डेनिसला गेला आणि एका घरी स्वयंपाकघरात राबू लागला. पुढे दागिन्यांच्या चोरीत त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. जुन्या मालकाने गव्हर्नरकडे रदबदली केली, या माणसामुळे बेटाला केवढा फायदा झाला ते सांगितले आणि मुदतीआधी तो सुटला. दरम्यान बेटावरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक रिशार यांनी दावा केला की ही पद्धत आपणच आधी दाखवली होती, मुलाने ती बघून उचलली असेल. त्यावर बेलिए-बोमाँने लेखी साक्ष दिली की शोध एडमंडचाच. ऑगस्ट १८८० मध्ये एडमंड सेंट सुझानच्या इस्पितळात कफल्लक अवस्थेत मरण पावला. त्याच्या अंगठ्यावर श्रीमंत झालेल्या बेटाने त्याला जिवंतपणी काहीही दिले नाही. आज तिथे त्याचा पुतळा आहे.

काही वाचक म्हणतील, मालक तर भला निघाला की! त्याने साक्ष दिली, सुटका करवली. खरे आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. पण त्याचा दुसरा अर्थही बघा. एडमंडचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण एका गोऱ्या, शिकलेल्या, जमीनदार माणसाने त्याच्या बाजूने कागद लिहिला. स्वतः एडमंडच्या शब्दाला किंमत शून्य. मालक भला नसता तर? किती मळ्यांत किती एडमंड असतील, ज्यांचा मालक भला नव्हता? एखाद्याचा भलेपणा म्हणजे न्याय नव्हे. न्याय असता तर साक्षीची गरजच पडली नसती.

बोस्टनमधला 'उपयोगी' माणूस

दुसरी गोष्ट याहून शंभर-सव्वाशे वर्षे जुनी, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली. तिथला प्रसिद्ध धर्मोपदेशक कॉटन मॅदर याला १७०६ मध्ये त्याच्या मंडळींनी एक आफ्रिकी गुलाम भेट म्हणून दिला. माणूस भेट म्हणून! मॅदरने त्याचे नाव ठेवले ओनेसिमस. हे बायबलमधल्या एका गुलामाचे नाव असून ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो 'उपयोगी'. त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव इतिहासात कुठेच नाही.

मॅदरने त्याला विचारले, तुला देवी येऊन गेल्या का? उत्तर आले, हो आणि नाही. मग त्याने समजावून सांगितले की त्याच्या मुलखात देवीच्या रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीवर छोटी चीर देऊन त्यात घालतात. सौम्य आजार होतो आणि नंतर देवी कधी येत नाहीत. त्याने दंडावरचा व्रणही दाखवला. मॅदरने इतर आफ्रिकी गुलामांकडे चौकशी केली, तर तेही तेच सांगू लागले. १७१६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हे पत्राने कळवले. तुर्कस्तानातल्या अशाच पद्धतीचा अहवालही त्याने तोपर्यंत वाचला होता.

१७२१ मध्ये बोस्टनमध्ये देवीची भयंकर साथ आली. सुमारे ११,००० वस्तीच्या शहरात ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले आणि ८४४ मेले. मॅदरने डॉक्टरांना आवाहन केले. एकटा झॅबडील बॉइल्स्टन पुढे आला. त्याने पहिली टोचणी केली ती आपल्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरातल्या दोन गुलामांना. ज्ञान गुलामाचे आणि प्रयोगासाठी देहही गुलामांचे! साथीच्या काळात टोचलेल्या अडीचशेच्या आसपास लोकांपैकी सहा दगावले. म्हणजे आपोआप रोग झालेल्या दर सातांमागे एक मृत्यू, तर टोचलेल्या दर चाळीसांमागे एक. परिणाम आकडेवारीने तपासण्याचे हे वैद्यकातले एक फार जुने उदाहरण आहे.

तरी शहर खवळले. विल्यम डग्लस नावाच्या पदवीधर डॉक्टरने आफ्रिकींच्या सांगण्यावर भरवसा ठेवणाऱ्यांची खिल्ली उडवली. कुणीतरी मॅदरच्या घरात पेटता हातगोळा फेकला, सुदैवाने तो फुटला नाही. विरोधामागे खरी भीतीही होती, कारण टोचलेला माणूस काही दिवस रोग पसरवू शकत असे. पण सांगणारा कोण आहे हे बघून सांगणे खोटे ठरवायचे, ही वृत्तीही त्यात उघड होती.

पुढे बॉइल्स्टनला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. मॅदर आधीपासूनच सदस्य होता. आणि ओनेसिमस? त्याने पदरचे पैसे भरून, आपल्या जागी दुसरा गुलाम विकत घ्यायला मालकाला मदत करून, अर्धीमुर्धी सुटका मिळवली. त्यानंतर तो कागदपत्रांतून जवळजवळ नाहीसा होतो.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गोस्तन देवीची लस शोधली, ती अधिक सुरक्षित होती. ती मुंबईत पोहोचली १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. भारतातली ही पहिली यशस्वी लस. तेव्हा शीतपेटी नव्हती. एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, अशी लस माणसांच्या अंगावरून प्रवास करी. अ‍ॅनाच्या दंडावरून ती मुंबईतल्या आणखी मुलांना दिली गेली आणि तिथून मद्रासपर्यंत गेली. ही मुलगी चाकरी करणाऱ्या कुटुंबातली होती. जेन्नरचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. अ‍ॅनाचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

१० शिलिंगांचा सिंह

तिसरी गोष्ट गाण्याची. 'द लायन किंग' हा चित्रपट आपल्याकडेही मुलांनी हिंदीतून पाहिला. त्यात सिंह झोपल्याचे एक गाणे येते. त्याची चाल जगभर लोक गुणगुणतात. ती दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची. रेकॉर्डच्या कारखान्यात पॅकिंगचे काम करणाऱ्या या माणसाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत आपल्या साथीदारांसह 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केले. 'म्बुबे' म्हणजे सिंह. गाण्याच्या शेवटाकडे त्याला आयत्या वेळी सुचलेली सुरावटच पुढे जगप्रसिद्ध झाली. कंपनीने सगळे हक्क घेतले १० शिलिंगांत.

रेकॉर्ड अमेरिकेत पोहोचली. तिथल्या 'द वीव्हर्स' या गटाने ऐकून ते गाणे बसवले. झुलू शब्द नीट ऐकू न आल्याने 'उयिम्बुबे'चे 'विमोवे' झाले. रचनाकार म्हणून नाव छापले गेले पॉल कॅम्पबेल. हा माणूस अस्तित्वातच नव्हता! पारंपरिक गाण्यांचे हक्क नोंदवण्यासाठी वापरलेले ते टोपणनाव होते. म्हणजे अस्तित्वात नसलेल्याला श्रेय मिळाले आणि जोहान्सबर्गमध्ये जिवंत असलेल्याला मिळाले नाही. गटातले पीट सीगर यांनी खरा रचनाकार कळल्यावर लिंडाला १,००० डॉलर पाठवले. १९६१ मध्ये इंग्रजी शब्दांसह हेच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्याच वर्षी लिंडा मरण पावला. त्याच्या बँक खात्यात २५ डॉलरही नव्हते.

२००० मध्ये रियान मलान या पत्रकाराने हा सगळा हिशोब मांडला. नुसत्या 'द लायन किंग'मधल्या वापरातून या गाण्याने दीड कोटी डॉलर कमावले असावेत, असा त्याचा अंदाज होता. मग वकिलांनी १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा स्वामित्वहक्क कायदा उकरून काढला. लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात, असे एक कलम त्यात होते. त्या आधारावर लिंडाच्या मुलींनी दावा लावला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन मानधन आणि श्रेय दोन्ही मिळाले. वाचक हो, इथे कुणाच्या भलेपणाची नव्हे, कायद्याच्या कलमाची मदत झाली. हा फरक महत्त्वाचा आहे.

पुसले जाते ते कसे?

तिन्ही गोष्टींत पुसण्याची पद्धत एकच दिसते. आधी माणसाचे नाव काढून घ्यायचे किंवा त्याला मालकाच्या सोयीचे नाव द्यायचे. मग ज्याच्याकडे कागद आणि लेखणी आहे त्याच्या नावावर नोंद करायची. शेवटी वाद झालाच तर खालच्या माणसाचा शब्द पुरावा म्हणून धरायचाच नाही. यासाठी कुणी दुष्टपणे कट करावा लागत नाही. नेहमीचे व्यवहार नेहमीसारखे चालू राहिले की हे आपोआप होते. आपल्या भाषेत निरक्षराला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवतात. एडमंडच्या अंगठ्याने एका उद्योगाला जन्म दिला, पण इतिहास लिहिला गेला सहीवाल्यांचा. एकलव्याचा अंगठा कापून घ्यावा लागला होता. इथे तो न कापताच काम भागले.

समाजशास्त्रात याच विषयावर एक गाजलेला निबंध आहे. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये दाखवले की विज्ञानात आधीच नाव असलेल्याकडेच आणखी श्रेय जाते. याला त्यांनी 'मॅथ्यू परिणाम' म्हटले. आता खरी आश्चर्याची गोष्ट ऐका. हा निबंध हॅरिएट झुकरमन या संशोधक बाईंनी घेतलेल्या मुलाखतींवर मोठ्या प्रमाणात उभा होता. तो दोघांच्या नावे यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे स्वतः कबूल केले. श्रेयाच्या अन्यायावरचा निबंधच त्या अन्यायाचा नमुना निघाला! अन्यायाचा अभ्यास करणाऱ्याकडूनही तो घडतो, तर इतरांची काय कथा?

महात्मा फुल्यांना हे नाते फार आधी दिसले होते. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतले काळे लोक आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य मांडले. एडमंड आणि ओनेसिमस आपल्याला परके वाटू नयेत, ते यासाठी.

आता एक कडू गोष्ट आपल्या माणसांसाठी. चीड येते म्हणून आपणही वाटेल ते संदेश पुढे ढकलतो. 'सगळे शोध आमचेच, बाकी सगळे चोर' असे लिहिले की टाळ्या पडतात. हे करू नका. मोरेनने एडमंडच्या आधी शेंगा मिळवल्या होत्या, तेही सांगा. टोचणीची पद्धत आफ्रिकेप्रमाणे चीन, तुर्कस्तान आणि भारतातही होती, तेही सांगा. त्याने एडमंड किंवा ओनेसिमस तसूभरही लहान होत नाही. एक खोटी ओळ घातली की विरोधक तीच पकडतो आणि तिच्याबरोबर नऊ खऱ्या ओळी फेकून देतो. ज्यांचा शब्द आधीच खोटा धरला जातो, त्यांना चुकीची चैन परवडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'तुम्हाला हे माहीत आहे का?' असा संदेश आला तर तीन प्रश्न विचारा. हे काम प्रत्यक्ष कुणाच्या हाताने झाले? त्याची नोंद कुणी केली? पैसा कुणाला मिळाला? आणि हेच प्रश्न आपल्या वस्तीतही विचारा. शंभर बाळंतपणे केलेली सुईण, नाडीवरून जनावराचा आजार सांगणारा म्हातारा, मैलभर ड्रेनेज लाइनचा नकाशा डोक्यात घेऊन फिरणारा सफाई कामगार, यांच्याकडे संशोधक येतात, माहिती नेतात आणि प्रबंधात त्यांना 'माहितीदार क्रमांक ४' करून टाकतात. आपल्या मुलामुलींनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, तारीख आणि त्याने सांगितलेले ज्ञान त्याच्याच शब्दांत लिहावे. खाली सही सांगणाऱ्याची असू द्या. सही येत नसेल तर अंगठा घ्या, पण तो त्याच्याच नावापुढे.